हाताला वळण लागतं कसं : नवशिक्यांसाठी थोडं मानसशास्त्र, थोडा सराव

राजापूरहून आलेला माझा आतेभाऊ पहिल्यांदाच लोकलमध्ये बसला होता. रविवारची दुपार, जनरल डब्यात बऱ्यापैकी जागा. त्याने साधा प्रश्न विचारला, "ताई, दादरला कुठल्या बाजूने उतरायचं?" वीस वर्षं मी दादरला उतरतेय, आणि मला सांगता येईना. म्हटलं, "माटुंगा जाऊ दे, मग सांगते." माटुंगा मागे पडलं तशी पर्स पुढे आली, ओढणी खोचली गेली आणि पाय एका दाराकडे वळले. उत्तर तोंडाला ठाऊक नव्हतं, पायांना होतं.

या गमतीमागे मानसशास्त्रातली एक गाजलेली केस आहे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेनाशी झाली. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेने त्याला एक काम दिलं. आरशात बघून, ताऱ्याच्या आकृतीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलट दिसत असल्याने आपलाही हात सुरुवातीला भलतीकडेच जातो. तीन दिवसांत मोलेसनचा हात छान बसला. पण दरवेळी त्याचं म्हणणं एकच, हे मी आधी कधी केलेलंच नाही! म्हणजे हाताची आठवण आणि डोक्याची आठवण मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळतो. अंगाने करायचं काहीही शिकताना, मग ते पोहणं असो, मल्लखांब असो, ढोल असो की स्कूटर, हे पहिलं लक्षात ठेवा. समजलं म्हणजे आलं असं होत नाही.

मी बारावीला मानसशास्त्र शिकवते. अध्ययनाचं प्रकरण पंधरा वर्षं फळ्यावर लिहिलंय. तरी एक्केचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकायला गेले तेव्हा फळ्यावरचं एकही वाक्य पाण्यात उतरलं नाही. करता येतील तेवढ्या सगळ्या चुका केल्या. खालच्या पायऱ्या त्या चुकांमधून आणि नंतर पुस्तकं पुन्हा उघडून बघितल्यावर तयार झाल्या आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: सराव चालू असताना जमणं वेगळं आणि शिकणं वेगळं. दोन दिवस खंड पडल्यावर अंगात जे उरतं, ते शिकणं.

पायरी १ : आधी एक वही घ्या

चाळीस पानी चालेल. सरावाला गेलात की पहिला प्रयत्न कसा झाला ते लिहायचं. सर्वांत चांगला झाला तो नव्हे, पहिला! पोहणाऱ्याने लिहावं, पाय न टेकता पहिल्याच खेपेला किती अंतर गेलो. बॅट धरणाऱ्याने लिहावं, पहिल्या बारा चेंडूंतले किती बॅटच्या मधोमध लागले. दोरीवरच्या उड्या मारणाऱ्याने पहिल्या अडखळीपर्यंतचा आकडा लिहावा.

तासाच्या शेवटी सगळ्यांनाच बरं जमतं. अंग तापलेलं असतं, ताल सापडलेला असतो, मागचाच प्रयत्न पुढच्याला ढकलत असतो. तो आकडा सुखाचा असतो, पण फसवा. पहिल्या प्रयत्नाला असा कुणाचा टेकू नसतो. गेल्या वेळचं किती मुरलं ते तो सरळ सांगून टाकतो. पहिले पंधरा दिवस वही वाचायला बरं वाटणार नाही, याची तयारी ठेवा.

पायरी २ : आपण कुठे उभे आहोत ते ओळखा

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले, ते अजून उपयोगी पडतात. पहिल्या टप्प्यात माणूस मनातल्या मनात बोलत असतो: क्लच दाबा, गिअर टाका, हळूच सोडा. सगळं लक्ष त्यातच जातं. दुसऱ्यात बोलणं कमी होतं, चुकाही कमी होतात, आपली चूक आपल्याला कळायला लागते. तिसऱ्यात काम आपोआप होतं आणि डोकं दुसऱ्या कामाला मोकळं राहतं. म्हणून तर बायका पोळ्या लाटता लाटता मुलाचे पाढे घेतात.

गंमत अशी की तिसऱ्या टप्प्यावरचा माणूस पहिल्या टप्प्यावरच्याला नीट सांगू शकेलच असं नाही. दादरच्या बाबतीत माझं झालं तेच. उत्तम खेळणारा उत्तम शिकवतोच, ही समजूत त्यामुळे सोडून द्या. शिकवणारा निवडताना तो स्वतः किती पदकं घेऊन आलाय यापेक्षा त्याच्याकडचे नवशिके तीन महिन्यांनी कुठे असतात ते बघा. तलावावर किंवा मैदानावर जाऊन अर्धा तास नुसतं बसलात तरी कळतं.

पायरी ३ : भीतीला जिना बांधा

माझ्या बॅचच्या दुसऱ्याच दिवशी, "ढकललं की येतंच" या सिद्धांतावर श्रद्धा असलेल्या प्रशिक्षकांनी मला खोल बाजूला लोटलं. नाकात पाणी, डोळ्यांपुढे अंधार, आणि वर आल्यावर काठावरच्या मुलांचं हसू. नंतर पंधरा दिवस मी तिकडे फिरकले नाही. भरलेली फी आठवायची, पण पाय काही निघत नव्हता.

असं ढकलून काही जण शिकतात, नाही असं नाही. पण न शिकलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही, कारण ते परत येतच नाहीत. मेंदूच्या दृष्टीने त्या दिवशी मी एक गोष्ट पक्की शिकले: तलाव म्हणजे जीव गुदमरणं. असं शिकायला एक खेप पुरते. ते पुसायला मात्र बऱ्याच लागतात.

पुसण्याची रीत १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी दाखवून दिली होती. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला भयंकर घाबरायचा. त्याला आवडीचं खायला देऊन, खोलीच्या दूरच्या टोकाला ससा ठेवायचा, आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी तोच ससा पीटरची बोटं कुरतडत होता आणि पीटर खुशाल बसला होता. आपल्याकडचे गोविंदा दुसरं काय करतात? गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि सराव सुरू होतो. पहिल्या दिवशी कोणी आठ थर लावायला जात नाही.

माझा जिना असा होता. काठावर बसून पाय पाण्यात. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड बुडवायचं आणि बुडबुडे सोडायचे. मग दांडी धरून पाय वर. मग फळी धरून भिंतीपासून तीन हात लांब जायचं आणि परत. मग फळी सोडून तेवढंच. एका पायरीवर कंटाळा आला की पुढची. भीती संपण्याची वाट बघायची नाही, कंटाळ्याची बघायची. कंटाळा ही भीती गेल्याची पावती आहे. आणि कुठलीही पायरी एकट्याने नाही. जीवरक्षक जागेवर असेल तेव्हाच पाण्यात उतरायचं. समुद्राचं तर नावच काढू नका, पावसाळ्यात अजिबात नाही.

आणखी एक. आपल्याला जमेल हा विश्वास कुठून येतो यावर आल्बर्ट बँडुरा यांचं मोठं काम आहे. त्यांच्या मते सर्वांत भक्कम आधार स्वतःच्या छोट्या यशाचा असतो. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला जमताना बघण्याचा. आपल्यासारख्याच हे महत्त्वाचं. ऑलिंपिकच्या पोहणाऱ्याचे व्हिडिओ बघून मला काही झालं नाही. माझ्या बॅचमध्ये साठीच्या एक काकू होत्या, गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी पाठवलेल्या. त्या एक दिवस फळी सोडून भिंतीपर्यंत गेल्या, आणि त्याच आठवड्यात मीही गेले.

पायरी ४ : कानात एका वेळी एकच वाक्य

तलावाच्या काठावरून एका दमात येणारा मजकूर: "हात सरळ! गुडघा वाकवू नको! मान खाली! श्वास, श्वास घे! अहो मॅडम, पाय!" पाण्याखाली त्यातलं निम्मं ऐकू येत नाही, हे आपलं नशीब. पहिल्या टप्प्यावरच्या माणसाचं लक्ष आधीच काठोकाठ भरलेलं असतं. त्यात पाच सूचना ओतल्या की पाचही सांडतात. प्रशिक्षकांना नम्रपणे विचारा, "सर, आज फक्त एकच सांगा, कशावर लक्ष देऊ?" बहुतेक जण आनंदाने सांगतात. त्यांनाही कोणीतरी विचारलेलं हवं असतं.

ते एक वाक्य कसं असावं यावर गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलंय. १९९८ सालच्या त्यांच्या प्रयोगात लोक स्कीइंगची नक्कल करणाऱ्या यंत्रावर उभे राहून डावी-उजवीकडे झुलत होते. काहींना सांगितलं, पायांनी जोर द्या. काहींना सांगितलं, पायांखालच्या चाकांवर जोर द्या. फरक शब्दांपुरता, पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगले शिकले. पोहणाऱ्यांवर नंतर असंच करून पाहिलं गेलं, तेव्हा हात मागे खेचण्यापेक्षा पाणी मागे ढकलण्याचा विचार करणारे वेगाने गेले. लक्ष आपल्याच सांध्यांवर गेलं की आपण शरीराच्या कामात नाक खुपसतो. लक्ष बाहेरच्या परिणामावर असलं की शरीर आपलं आपण मांडणी करून घेतं.

म्हणून सूचना बदलून घ्यायला शिका. माझी भाची शिवाजी पार्कला मल्लखांब शिकते. "पाय ताण, पाय ताण" ऐकून तिचा पाय आणखीनच आखडायचा. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "अंगठ्याने बोंड दाखव मला." बोंड म्हणजे खांबाचा अगदी वरचा गोल भाग. पाय बाणासारखा सरळ झाला. ढोल शिकणाऱ्याला "मनगट सैल सोड" म्हणण्यापेक्षा "टिपरू आपटू नको, त्याला उसळू दे" म्हटलेलं चांगलं. फलंदाजाला मनगटाचं व्याख्यान नको, चेंडू कुठल्या दोन झाडांमधून जायला हवा ते सांगा. तुमच्या शिक्षकांनी सांध्याची भाषा वापरली तर मनात तिचं असं भाषांतर करून घ्या. याला सवय लागते, पण लागते.

पायरी ५ : वेळ वाटून घ्या, आणि मग झोपा

मुंबईकराचं सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे "आठवडाभर वेळ नाही, रविवारी कसर भरून काढतो." कसर भरत नाही, कंबर धरते.

१९७८ साली ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना टंकयंत्राचा कीबोर्ड शिकायचा होता. एका गटाला रोज फक्त एक तास सराव. दुसऱ्या टोकाच्या गटाला दिवसातून दोनदा, दोन-दोन तास. रोज एक तासवाल्यांनी सुमारे ५५ तासांत जे कमावलं त्यासाठी चार तासवाल्यांना सुमारे ८० तास लागले. दिवस अर्थात एक तासवाल्यांना जास्त लागले. आणि इथेच मला हा अभ्यास फार आवडतो: आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज कोण होतं? तेच, तासागणिक सर्वांत चांगलं शिकणारे! आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं.

माणसाचं वागणं समजून घ्यायचं तर ही नाराजी बघा. आपण सरावाची पद्धत तिच्या परिणामावरून निवडत नाही, ती करताना कसं वाटतं त्यावरून निवडतो. सलग तीन तास घाम गाळला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. पंचवीस मिनिटांत परत आलं की चोरटं वाटतं. चोरटं वाटू द्या.

कणकेचं उदाहरण घ्या ना. मळल्या मळल्या लाटायला घेतली तर पोळी कडेला फाटते. झाकून अर्धा तास ठेवली की तीच कणीक ऐकते. मेंदूत हे झाकून ठेवणं मुख्यतः झोपेत होतं. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवलं. एका रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढला. दिवसभर जागं राहून तेवढाच वेळ घालवला तर असं झालं नाही.

कल्याण-डोंबिवलीहून रोज येणाऱ्याला "झोपा" हा सल्ला चेष्टेसारखा वाटेल, मला कल्पना आहे. तरी हिशेब असा करा. आठवड्याला दोन तासच मिळणार असतील तर त्यांचे तीस-तीस मिनिटांचे चार तुकडे करा. त्यातला एक तुकडा मैदानावर नसला तरी चालेल. बॅट घेऊन आरशासमोर, टिपरू घेऊन उशीवर. चाळीत राहत असाल तर शेजारीही आशीर्वाद देतील.

पायरी ६ : मिसळ करा

हे सगळ्यात न पटणारं आहे, म्हणून जरा सविस्तर.

कर आणि बूथ या संशोधकांनी १९७८ साली आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या नेम धरून टाकायला दिल्या. एका गटाने कायम तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांवरूनच झाली. जिंकला दुसरा गट. पुढच्याच वर्षी शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. काहींनी एकेक हालचाल घोटून मग पुढची घेतली. काहींनी तिन्ही उलटसुलट क्रमाने केल्या. सरावात घोटणारे सरस दिसले. दहा दिवसांनी तपासलं तेव्हा उलटसुलटवाले पुढे होते.

कारण काय? तोच फटका लागोपाठ वीस वेळा मारताना दुसऱ्या फटक्यापासून डोक्याला काही ठरवावं लागत नाही, मागचंच पुढे चालू. प्रत्येक वेळी वेगळं काही आलं की आधीचं विसरायला होतं, आणि पुन्हा मुळापासून आठवून जुळवावं लागतं. त्या जुळवण्यालाच वळण लागतं. सामन्यातही नेमकं तेच लागतं, कारण गोलंदाज काही तुमच्या सोयीने एकाच टप्प्यावर वीस चेंडू टाकत नाही.

मुंबई क्रिकेटने हे शोधनिबंधांची वाट न बघता केलं. रमाकांत आचरेकर सर सचिन तेंडुलकरला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे. शिवाजी पार्क वेगळं, आझाद मैदान वेगळं, समोरचा गोलंदाज वेगळा, खेळपट्टी वेगळी. स्टंपवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला स्कूटरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कांगा लीगचंही तसंच. १९४८ पासूनची ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात, उघड्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. एक चेंडू घोट्याशी येतो, पुढचा हनुवटीशी.

आता डोळ्यांचं बघा. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेची हालचाल टिपली. चेंडूवरून नजर हटवू नको, असं आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात फलंदाज हातातून सुटणारा चेंडू बघतो आणि मग नजर चेंडूच्या पुढे उडी मारून, तो जिथे टप्पा पडेल असा अंदाज आहे तिथे आधीच जाऊन थांबते. कसलेल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. म्हणजे फलंदाजी हा अंदाज बांधण्याचा धंदा आहे. आणि एकाच वेगाने एकाच जागी चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर अंदाज बांधायला शिल्लकच काय राहतं?

करायचं कसं? अगदी कोरे असाल तर पहिले आठ-दहा दिवस एकच गोष्ट करा, नाहीतर नुसता गोंधळ होईल. ती ओबडधोबड का होईना, यायला लागली की तीन गोष्टी घ्या आणि फिरवत राहा. पोहण्यात: एक फेरी हातपाय दोन्हींची, एक फक्त पायांची, एक पाठीवर. बॅडमिंटनला: तीन वेगवेगळ्या सर्व्हिस, कुठलीही लागोपाठ दोनदा नाही. वहीतले आकडे आठवडाभर घसरतील. त्यावरून शिक्षकांशी वाद होऊ शकतो, माझा झाला. "मॅडम, आधी एक तरी नीट करा" हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, फक्त पहिल्या दहा दिवसांपुरतं होतं.

पायरी ७ : चूक कळू द्या, पण लगेच नको

नेटमागे उभे असलेले बाबा. प्रत्येक चेंडूनंतर, "कोपर! कोपर वर!" मुलगा चेंडू खेळून झाला की आधी मागे बघतो, बाबांच्या चेहऱ्याकडे. त्याला स्वतःचा फटका कसा बसला हे बॅटमधून कळायला हवं, ते तो बाबांकडून घेतोय. बाबा नसलेल्या दिवशी तो आंधळा.

विन्स्टीन आणि श्मिट यांनी १९९० साली हे मोजलं. काहींना प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, काहींना सरासरी निम्म्या वेळा. दुसऱ्या दिवशी, निकाल न सांगता, निम्म्यावाले सरस ठरले. सतत मिळणारी सूचना कुबडीसारखी असते. चालता येतं, पण पायात जोर येत नाही.

मोबाइलने ही कुबडी आता प्रत्येकाच्या खिशात दिली आहे. व्हिडिओ काढा, जरूर काढा. पण पाच प्रयत्न होईपर्यंत बघू नका. आणि बघण्याआधी स्वतःशी बोला: पाचवा कसा झाला असेल? डावा खांदा खाली गेला होता का? मग बघा. तुमचा अंदाज आणि पडद्यावरचं चित्र जुळायला लागलं की समजा, दुसऱ्या टप्प्यावर आलात.

पायरी ८ : बघणाऱ्यांचं काय करायचं

या शहरात एकांत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्यांना दुसरं काम नसतं, आणि प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. मानसशास्त्राला हे सव्वाशे वर्षं माहीत आहे. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट यांनी दाखवलं की सायकलस्वार एकट्यापेक्षा दुसऱ्याच्या सोबतीने वेगात जातात. मग लक्षात आलं की कधीकधी उलटंही होतं, माणसं बघत असली की हातातलं काम बिघडतं. हा तिढा १९६५ साली रॉबर्ट झायंस यांनी सोडवला. कोणी बघत असलं की जे आपल्या अंगात सर्वांत जास्त मुरलेलं असतं ते जोराने बाहेर येतं. काम पक्कं असेल तर ते आणखी चांगलं होतं. कच्चं असेल तर मुरलेली असते ती चूक, म्हणून चूकच उसळते. हे त्यांनी चक्क झुरळांवर करून दाखवलं, प्रेक्षक म्हणून बसवलेलीही झुरळंच! सरळ वाटेवर प्रेक्षकांमुळे झुरळं जोरात पळाली, वळणाच्या वाटेवर त्यांना जास्त वेळ लागला.

तेव्हा पहिला महिना गर्दीची वेळ टाळा. दुपारची बॅच, मैदानाचा कोपरा, गच्ची. लाज वाटते म्हणून नव्हे. झुरळांनाही लागू पडणाऱ्या नियमाला लाजायचं काय?

महिन्यानंतर मात्र उलट करा. मुद्दाम लोकांत जा. पक्कं आलेलं कामही मोक्याच्या क्षणी का फसतं, यावर शॉन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ साली गोल्फच्या चेंडूवर काम केलं. दडपणाखाली माणूस आपोआप होणाऱ्या कामावर पुन्हा नजर ठेवायला जातो, जिना उतरताना प्रत्येक पायरी मोजावी तसा, आणि अडखळतो. पण ज्यांनी शिकतानाच व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर सराव केला होता, त्यांना हा फटका बसला नाही. स्पर्धा, स्नेहसंमेलन, मिरवणूक, ड्रायव्हिंगची टेस्ट, काहीही समोर असेल तर दोन आठवडे आधीपासून मोबाइल तिवईवर लावून सराव करा. व्हिडिओ नंतर पुसून टाकलात तरी चालेल.

मध्येच अडकलात तर

अडकाल, हे नक्की. तार पाठवणाऱ्या-घेणाऱ्या कामगारांचा अभ्यास ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ साली छापला. तार घेण्याचा वेग काही आठवडे वाढत जाई, मग बराच काळ जागच्या जागी, मग पुन्हा उसळी. त्यांच्या मते त्या सपाटीच्या काळात सुटी अक्षरं ऐकणारा कान हळूहळू शब्द ऐकायला लागत होता. सगळ्याच कौशल्यांत अशी सपाटी येते असं पुढे दिसलं नाही. पण आली तर दोनच गोष्टी करून बघा: सरावातली मिसळ बदला, किंवा चार दिवस सुट्टी घ्या.

आणि रोज जायला मन होत नाही त्याबद्दल. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ पुरतील असं दिसलं, कोणाला २५४. एकवीस दिवसांत सवय लागते हे कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. मुंबईच्या पावसात तो चुकणारच. त्यासाठी वाक्य आधीच ठरवून ठेवा, तेही जर-तरच्या साच्यात: "गाड्या बंद पडल्या तर घरीच जिन्याच्या पायरीवर दहा मिनिटं." पीटर गोल्विट्झर यांच्या अभ्यासांत, "मी नियमित करीन" अशा नुसत्या संकल्पापेक्षा हे असं वेळ-जागा ठरवलेलं वाक्य जास्त टिकताना दिसलं.

माझ्या वहीतलं जुलैचं एक पान समोर आहे. पाणी उडून शाई पसरलीय. सोमवार, पहिली फेरी: मध्ये दोनदा पाय टेकले. बुधवार: दोनदा. शुक्रवार, मिसळ सुरू केली: तीनदा, आणि नाकात पाणी. पुढचा सोमवार, रविवारी दिवसभर पाऊस, सराव नाही. पहिली फेरी: एकदाच. त्याच्या पुढे काकूंच्या अक्षरात लिहिलंय, "मी बघत होते, तोही टेकला नव्हता, पाय नुसता लागला."